बऱ्हाणपूर लिहू नकोस

रावेरच्या मुलींच्या शाळेत मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्यातल्या एका धड्याचा मला आजही संताप येतो. देशांच्या सीमांचा धडा. सीमा दोन प्रकारच्या: नैसर्गिक आणि कृत्रिम. डोंगर, नदी, समुद्र या नैसर्गिक, माणसाने कागदावर ओढल्या त्या कृत्रिम. प्रश्न चार गुणांना यायचा. मुली घडाघडा पाठ म्हणायच्या आणि मी त्यांच्या वह्यांवर लाल शाईने 'छान' लिहायचे. यात छान काय आहे असं एकाही मुलीने मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी तिला खाली बसवलं असतं. तेव्हा मी तसलीच मास्तरीण होते.

आमच्या घराला लागून पिंजाऱ्यांचं घर होतं. गाद्या-रजया भरून देण्याचा त्यांचा धंदा. त्यामुळे दिवाळीनंतर आमच्या अंगणातही कापूस उडत असायचा आणि माझी आई त्यावरून रोज कुरकुर करायची. त्यांची मोठी मुलगी माझ्याच वयाची. तिच्याइतकी भांडकुदळ पोर मी पाहिली नाही, आणि ती माझ्याबद्दल गावभर हेच सांगायची. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तिच्या आईला मी मावशी म्हणायचे. त्यांच्या घरात आमचीच बोली बोलत, म्हणून कुणाला वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं.

अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती कराचीला गेली. हे आज कुणाला सांगितलं की समोरचा भुवया वर करतो. तेव्हा आमच्या गल्लीत कुणी केल्या नाहीत. तिचा सासरा तरुणपणी कराचीच्या गोदीत कामाला गेलेला. त्या काळी रावेर आणि कराची एकाच मुंबई इलाख्यात होती. आणि पॅसेंजरने पाऊण तासावरचं आमचं बऱ्हाणपूर मात्र दुसऱ्या प्रांतात. म्हणजे त्या माणसाने पोटासाठी आपल्याच इलाख्यातलं दुसरं गाव गाठलं होतं, यापलीकडे काही केलेलं नव्हतं. पुढे परदेशातून एक साहेब आला. हा मुलूख त्याने आधी कधी पाहिलेलाही नव्हता. पाच आठवड्यांत त्याने नकाशांवर रेषा ओढल्या आणि तो निघून गेला. त्या रेषा जाहीर झाल्या त्या स्वातंत्र्याचे झेंडे लागल्यानंतर दोन दिवसांनी. कित्येक गावांनी आधी झेंडा लावला आणि आपण कोणत्या देशात आहोत ते त्यांना नंतर कळलं. सासरा होता तिथेच राहिला, कारण नोकरी तिथे होती. झाला परदेशी.

लग्नानंतर ती मुंबईहून बोटीने गेली. तीन वर्षांनी पासष्टची लढाई झाली आणि बोट बंद पडली. मग एकाहत्तरची लढाई. मधली काही वर्षं तर टपालही बंद होतं. दोन देश भांडले की पहिल्यांदा पोस्टमनला घरी बसवतात, हे काही आमच्या धड्यात नव्हतं. टपाल सुरू झालं तेव्हा तिचं पहिलं पत्र मला आलं, मराठीत, आमच्या शाळेत घटवलेल्या त्याच तिरप्या अक्षरात. तिच्या भावाचं वाचन जेमतेम, म्हणून घरची पत्रंही माझ्याच पत्त्यावर यायची. मावशीला ती मी वाचून दाखवायचे आणि मावशी मला दटावायची, की नीट वाच, मधलं खाऊ नकोस.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात तिने लिहिलं, की आता व्हिसा मिळेल असं दिसतं. पण व्हिसा देशाचा मिळत नाही, गावांचा मिळतो. ज्या गावांची नावं अर्जात लिहू, तेवढ्याच गावांत पाय ठेवता येईल, आणि प्रत्येक ठिकाणी पोलिसांकडे नोंद, वर भावाचा जामीन. 'रावेर लिहिते. जळगाव लिहिते. बऱ्हाणपूर लिहू का?' असा तिचा साधा प्रश्न होता.

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. 'जितकी गावं जास्त तितकी चौकशी जास्त. रावेर लिही, हजेरीसाठी जळगाव लिही. बऱ्हाणपूर लिहू नकोस. ते काय परगाव आहे? ते तर घरचंच.'

रावेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. बऱ्हाणपूरला जाणं म्हणजे कुठे जाणं नव्हतंच. लग्नाचा बस्ता बऱ्हाणपूरचा, जिलेबी बऱ्हाणपूरची, अर्ध्या गल्लीच्या सुना तिथल्या आणि दुखणं वाढलं की डॉक्टरही तिथलाच. मध्य प्रदेश म्हटलं की आम्हाला भोपाळ आठवायचं, इंदूर आठवायचं; बऱ्हाणपूर कुणालाही आठवायचं नाही. वर्गात मी मुलींकडून महाराष्ट्र पिवळा आणि मध्य प्रदेश हिरवा रंगवून घेत होते, रंग रेषेबाहेर गेला की हातावर पट्टी मारत होते. आणि घरी येऊन मी असं पत्र लिहिलं. शहाणपणा करण्याची मला खोडच होती.

ती आली डिसेंबरात. कराचीहून लाहोर, तिथून अटारीच्या फाटकातून अमृतसर, मग दिल्ली, भुसावळ, रावेर. पाच दिवस. तिच्या येण्याआधी मी शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरून पाहिलं होतं. आम्हाला कलकत्त्यापेक्षा कराची जवळ होती. ज्या अमृतसरातून तिला आत घेतलं, त्या अमृतसरपेक्षाही जवळ. दोरा खिशात घालून मी पुढच्या तासाला गेले आणि त्या दिवशी वर्गावर विनाकारण ओरडले.

पंचवीस वर्षांनी भेटलो तेव्हा तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय व," ती म्हणाली, "म्हतारी दिसू राहिली तू."

माझी बोली शाळेत शिकवून शिकवून पुस्तकी झाली होती. तिची मात्र जशीच्या तशी, अगदी मावशीसारखी. मावशीने तिचा हात धरला तो दोन दिवस सोडला नाही. तिसऱ्या दिवशी मायलेकींचं भांडण जुंपलं. इतक्या लांब मला का दिली, हा विषय पंचवीस वर्षांनी निघाला. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं आणि मला बरं वाटत होतं, कारण त्या दोघी भांडल्या म्हणजे सगळं सुरळीत होतं.

मग पेपरात बातम्या येऊ लागल्या. राजस्थानच्या वाळूत दोन्ही देशांचं सैन्य समोरासमोर उभं राहिलं होतं. कोण कुणाची काय आगळीक सांगत होतं ते मी रोज वाचत होते, आणि मला त्यात एकच गोष्ट दिसत होती, की रेषा इथून आठशे किलोमीटरवर आणि तिचा जाच आमच्या ओट्यावर. आधी नोंद करून सुटका झाली होती. आता रोज संध्याकाळी एक हवालदार तिला प्रत्यक्ष पाहून जायला येऊ लागला. धुळ्याकडचा माणूस, अहिराणी बोलणारा. ओट्यावर टेकायचा, चहा घ्यायचा, ती दारात येऊन उभी राहिली की मान हलवून उठायचा. त्याला या कामाची लाज वाटत होती. गल्लीतल्या लोकांना मात्र कसलीच लाज वाटली नाही. पहिल्या आठवड्यात तिला पाहायला वाट्या भरभरून शिरा घेऊन आलेली माणसं आता मला रस्त्यात अडवून विचारू लागली, की ती पाहुणी जाणार कधी. त्यांच्या तोंडावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

ती येऊन पंधरा दिवस झाले होते. दुपारी मावशीला धाप लागली. ओठ निळे पडले. भावाने रावेरच्या कुणीही केलं असतं तेच केलं. शेजारची जीप काढली आणि बऱ्हाणपूरच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून मावशीला मागच्या सीटवर आडवं केलं. मी उशी-पांघरूण आत कोंबत होते. लेक जीपमध्ये पाय ठेवून वर चढत होती. आमच्या कुणाच्याही मनात काही आलं नाही. तेवढ्यात हवालदार कोपऱ्यावरून आला, त्या दिवशी जरा लवकरच आला, आणि त्याने जीप कुठे निघाली ते विचारलं. भावाने सांगितलं.

हवालदार तिच्याजवळ आला. "ताई, तुम्हले जाता येत नही," तो हळू आवाजात म्हणाला. "बऱ्हानपूर तुम्हना कागदवर नही शे."

"मही माय हाये ती," ती म्हणाली.

"तुम्हनं बठ्ठं खरं शे. पन मन्हा हातमा काय शे? उद्या कोनी सांगं, तं तुम्हना भाऊले धरतीन. जामीन त्यासना शे."

तिने पाय खाली घेतला. जीप निघून गेली. मग तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि ती घरात गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी अर्ज घेऊन जळगावच्या एका कचेरीत गेले. साहेबांनी अर्ज वाचला. त्यांचा आवाज सभ्य होता. त्याचाच जास्त राग आला.

"बाई, रावेर महाराष्ट्रात. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. तिकडच्या जिल्ह्याला विचारावं लागेल. आत्ताची परिस्थिती तुम्ही वाचताच आहात."

"पंचवीस किलोमीटर आहे साहेब. तिची आई आहे."

"तुम्ही शिक्षिका ना? कोणता विषय?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. फक्त म्हणाले, "मग तुम्ही तरी हे गाव अर्जात लिहायला सांगायचं होतं."

त्यांच्या मागे देशाचा नकाशा टांगलेला होता. वर उत्तरेला, जिथे बर्फ आहे, तिथे एके काळी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी एका बिंदूपर्यंत रेषा आखली आणि पुढे 'तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत' एवढंच लिहून हात झटकले. कुणी राहत नाही तिथे, आखायची कशाला, असा त्यांचा हिशेब. आता त्या न आखलेल्या जागेपायी सैन्यातली पोरं थंडीने मरत होती. मला त्या साहेबांना विचारायचं होतं, की जिथे रेषा हवी तिथे तुमचे हात आखडतात आणि रावेर-बऱ्हाणपूरच्या मध्ये, जिथे केळीच्या बागा इकडून तिकडे सलग आहेत, तिथे बरी राखण ठेवता येते तुम्हाला. पण विचारण्याआधीच मला माझं पत्र आठवलं. कुणी राहत नाही, आखायची कशाला. घरचंच आहे, लिहायचं कशाला. त्या अधिकाऱ्यांनी आणि मी एकच चूक केली होती. मी अर्जाची पोच घेतली आणि खाली उतरले.

पुढचे दोन दिवस मी सकाळच्या पॅसेंजरने बऱ्हाणपूरला जाऊन दुपारी परत येत होते. शाळेत रजा टाकली होती. मावशीच्या नाकात नळी होती, पण शुद्ध पूर्ण होती आणि जीभही.

"कुठी हाये ती?" मला पाहिल्यावर तिने पहिलं हेच विचारलं.

"मावशी, तिले परवानगी नाही."

"कोनाची?"

"सरकारची."

मावशीने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "कराचीहून इथपावतर याची परवानगी होती, अन् रावेरहून याची नाही? मले येडी समजते का तू?"

मी समजावलं. नकाशा शिकवल्यासारखं समजावलं. राज्य, जिल्हा, व्हिसा, हवालदार. भावानेही सांगितलं. तिच्या डोक्यात ते शिरलं नाही, आणि शिरायचं कारणही नव्हतं. तिचं उभं आयुष्य याच रस्त्याने बैलगाडीतून, रेल्वेतून, जीपमधून जाण्यात गेलं होतं. आम्ही काहीतरी लपवतो आहोत असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच शोध लावला.

"भांडली होती ना माह्यासंगं. ते धरून बसली," ती म्हणाली. "लांब दिली, लांब दिली. आता मी जवळ हाये तं येत नाही."

"तसं नाही मावशी."

"तिले सांग, आता येऊच नको म्हना. आली तरी मी तोंड पाहनार नाही." आणि तिने खरोखरच भिंतीकडे तोंड फिरवलं. भाऊ खाटेच्या पायथ्याशी बसला होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

घरी परतल्यावर ती दारातच उभी असायची. त्या दिवशीही होती. काय म्हणाली माय, असं तिने विचारलं. मी सांगितलं, तुझी आठवण काढत होती. तोवरच्या नोकरीत मी इतकं सफाईदार खोटं कधी बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी बऱ्हाणपूरला पोचण्याआधीच मावशी गेली.

त्याच जीपमधून आम्ही तिला परत आणलं. मधे 'महाराष्ट्र राज्यात आपले स्वागत आहे' अशी पाटी लागते. मी ती शेकडो वेळा पाहिली असेल, पण वाचली त्या दिवशी. जीप हळूसुद्धा झाली नाही. कुणी अडवायला तिथे नव्हतंच. आईला न्हाऊ घातलं ते मुलीने. दफन उरकेपर्यंत हवालदार टोपी काढून गल्लीच्या तोंडाशी उभा होता. त्या संध्याकाळी तो तिला पाहून जायला आला नाही.

चार दिवसांनी तो कागद घेऊन आला. बऱ्हाणपूरला एका दिवसाची परवानगी. सूर्यास्तापूर्वी परत. तो कागद त्याच्या हातून घेताना मला तो फाडून त्याच्या अंगावर फेकावासा वाटला, आणि त्या बिचाऱ्याचा त्यात काहीही दोष नव्हता. पण तिने माझ्या हातातून कागद घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाली, "चाल."

"आता कशाले?"

"मिळाली ना परवानगी. चाल."

आम्ही गेलो. दवाखान्यात मी तिला खाट दाखवली. खाटेवर दुसरी कुणी म्हातारी बसून दूधभात खात होती. तिने त्या म्हातारीला तब्येत विचारली, नळी कुठे लावली होती ते मला विचारलं, खिडकी कोणत्या बाजूला उघडते ते पाहिलं. नर्स जरा वैतागली. मग आम्ही स्टेशनवर येऊन बसलो.

"माय शेवटी काय म्हने?" ती म्हणाली.

"तुही आठवण काढू राहिली होती."

"खोटं नको बोलू. भाऊनं सांगितलं मले." तिचा आवाज रडवेला नव्हता. "रागावून गेली ते बरं झालं. रागावली, म्हंजे तिले वाटत होतं का मी येऊ शकते. येताच येत नाही हे तिले कळलं असतं, तं कशी गेली असती ती?"

मला तिचा राग आला, तिच्या आईचा आला, त्या पाच आठवड्यांच्या साहेबाचा आला. आणि मग मला बोलावंच लागलं, कारण इतक्या दिवसांत ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती आणि ते न बोलणंच मला सोसवत नव्हतं.

"पत्रात मी तसं लिहाले नको होतं," मी म्हटलं. "चूक मही हाये."

आपल्याकडे अशा वेळी समोरचा माणूस म्हणतो, जाऊ दे, नशिबात होतं. मी त्याची वाट पाहत होते. ती रुळांकडे पाहत होती.

"हो," ती म्हणाली. "तुहीच हाये."

गाडीला अजून तास होता. आम्ही त्याच बाकावर बसून राहिलो, आणि रावेर येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.